विश्लेषण : आवाजाची क्वालिटी मोठी की गाणे? अब्दुल करीम खाँ यांच्या खरखरत्या तबकड्या आजही का ऐकल्या जातात?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शिर्डीत साधारण १९१४ च्या सुमारास एक मोठा गवई साईबाबांसमोर गायला होता. त्याचे नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्या गाण्याचा एक सेकंदही आज कुणाला ऐकता येत नाही. मात्र याच खाँसाहेबांच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या मोबाइलवर कुणीही, कधीही ऐकू शकतो. त्यात खरखर आहे, तबला दबलेला आहे, तानपुरा कधी ऐकू येतो तर कधी नाही. तरीही शंभर वर्षांनंतर त्या ऐकल्या जातात.

हाय-रेझोल्यूशन ऑडिओ, हजारो रुपयांचे हेडफोन आणि लॉसलेस स्ट्रीमिंगच्या काळात एक वाद नेहमी रंगतो. अल्बमचा आनंद घ्यायला आवाजाची क्वालिटी महत्त्वाची की गाणाऱ्याची कामगिरी? या वादाचे उत्तर शोधायला खाँसाहेबांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. कारण सुराच्या बारकाव्याबद्दल ते कमालीचे आग्रही होते आणि त्यांची कला मात्र त्या काळच्या अत्यंत मर्यादित तंत्रावरच टिकून राहिली.

अब्दुल करीम खाँ कोण होते?

खाँसाहेबांचा जन्म १८७२ मध्ये उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. घराण्यात गाणे आणि सारंगी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वडील काले खाँ आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांना तालीम मिळाली. कैराना या गावावरूनच किराणा घराण्याचे नाव पडले. अब्दुल करीम खाँ आणि त्यांचे आप्त अब्दुल वहीद खाँ या दोघांमुळे हे घराणे देशभर ओळखले जाऊ लागले.

तरुणपणी ते बडोदा संस्थानात आले. तिथे सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचे नाते जुळले. हा संबंध तेव्हाच्या समाजाला मान्य होणारा नव्हता. दोघांनी बडोदा सोडले आणि मुंबई गाठली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मिरज हे खाँसाहेबांचे कायमचे गाव झाले.

मिरजेबद्दल एक आख्यायिका आजही सांगितली जाते. प्लेगने आजारी पडलेल्या खाँसाहेबांनी तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी ती कथा. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट खरी आहे. उरुसाला दर्ग्यात गाण्याचा त्यांचा नेम होता आणि त्यांच्यानंतरही तिथे संगीतसभेची परंपरा सुरू राहिली.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवायला घेतले. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहरेबुवा, रोशनआरा बेगम अशी मोठी शिष्यपरंपरा त्यांच्यामागे उभी राहिली. म्हैसूर दरबारात त्यांचा मान होता. कर्नाटक संगीताचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यागराजांची कृतीही तबकडीवर गायली. उत्तरेकडच्या गवयाने असे करणे त्या काळी दुर्मीळ होते.

शिर्डीत काय घडले होते?

खाँसाहेबांचे शिष्य कपिलेश्वरीबुवा यांनी त्यांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. खाँसाहेबांच्या शिर्डीभेटीची हकीकत त्या चरित्रातून आणि साईभक्तांच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आली आहे. खाँसाहेब तेव्हा खानदेशात अमळनेरला प्रतापशेठ यांच्याकडे आले होते. तिथून त्यांचे शिर्डीला येणे झाले. त्यांनी बाबांसमोर गायन केले. आजारी मुलीला उदी दिल्यानंतर तिला आराम पडला, असेही त्या हकीकतीत सांगितले जाते.

ते गाणे कसे झाले असेल? वीज नाही, माइक नाही. समोर जमलेले लोक, मागे दोन तानपुरे आणि मधे खाँसाहेबांचा आवाज. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने आवाजाची क्वालिटी यापेक्षा चांगली असूच शकत नव्हती, कारण गायक आणि कान यांच्यामध्ये एकही यंत्र नव्हते. पण ते गाणे ऐकणारे गेले आणि त्यांच्याबरोबर ते गाणेही गेले. राहिली ती फक्त हकीकत.

आवाजाबद्दल खाँसाहेब किती काटेकोर होते?

उत्तम गाणे असले की आवाज कसाही चालतो, असे खाँसाहेबांनी मान्य केले असते का? बहुधा नाही. किराणा घराण्याचा सगळा भर सुरावर आहे. एकेक स्वर सावकाश, नेमका लावायचा आणि त्याच्या आजूबाजूच्या बारीक छटा दाखवायच्या, ही त्यांची पद्धत. त्यासाठी तानपुरा अचूक लागलाच पाहिजे. तानपुरा जुळवण्यात आणि वाद्यांची दुरुस्ती करण्यात ते वाकबगार होते.

मिरजेत राहण्याचा इथेही संबंध येतो. मिरज हे एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. पंढरपूर, मंगळवेढा भागातील भोपळे तिथे येतात आणि त्यांचे तानपुरे व सतारी होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढली जाते. त्यामुळे एकाच तारेतून मूळ स्वरासोबत अनेक उपस्वर उमटतात. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याच रुंद घोडीच्या करामतीचा अभ्यास केला होता. रामन यांनी कागदावर मांडलेली गोष्ट खाँसाहेब रोज कानाने तपासत होते.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे त्याच काळात २२ श्रुतींचा शास्त्रीय अभ्यास करत होते. त्यांचे पुस्तक १९१० मध्ये आले. प्रत्यक्ष गाण्यात श्रुती कुठे लागतात हे तपासण्यासाठी त्यांना खाँसाहेबांची मदत झाली. ब्रिटिश न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हेही या कामात होते. यातूनच श्रुती-हार्मोनियमचा प्रयोग पुढे आला. १९१६ मध्ये बडोद्यात भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींवरून मोठी चर्चा आणि वाद झाले. सुरातील केसाएवढा फरक मोजू पाहणारा हा गवई होता.

१९०५ मध्ये ध्वनिमुद्रण कसे होत असे?

भारतातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली. गौहरजान यांचा आवाज तेव्हाच तबकडीवर आला. तीनच वर्षांनी, १९०५ मध्ये, अब्दुल करीम खाँ यांनीही ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. तेव्हा ते ३२-३३ वर्षांचे होते.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाजाच्या दाबाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर रेषा कोरायची. सगळी ऊर्जा गळ्याची. त्यामुळे मोठ्याने, जोर लावून गाणे भाग पडे. हळू, नाजूक स्वर मेणापर्यंत पोहोचतच नसत. पुढे ते मेण जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथे छापलेल्या तबकड्या परत भारतात विक्रीला यायच्या.

आकड्यांत पाहायचे तर, माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. कर्ण्याच्या पद्धतीत ढोबळमानाने २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा नोंदला जाई. तानपुऱ्याचा खर्ज याच्या खाली आणि जवारीतून उमटणारे बारीक उपस्वर याच्या वर. म्हणजे खाँसाहेब ज्या तानपुऱ्यासाठी जीव टाकत, त्याचे दोन्ही टोकांचे सौंदर्य यंत्राने कापून टाकले होते.

त्यात खाँसाहेबांचा आवाज टोकदार, पण मुळात मृदू. कर्ण्यासमोर असा आवाज तोट्यातच असतो.

विजेच्या मायक्रोफोनने काय बदलले?

१९२५ मध्ये ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन आला. आता गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही. नोंदला जाणारा पट्टा दोन्ही बाजूंनी वाढला आणि सुमारे ५,००० हर्ट्झपर्यंत पोहोचला. श्वास, हलका स्वर, स्वरावरून स्वरावर जाणारी मींड हे सारे तबकडीवर उतरू लागले.

खाँसाहेबांच्या आज सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या तबकड्या त्यांच्या उत्तरायुष्यातील, ओडियन कंपनीच्या आहेत. झिंझोटीतील ठुमरी, वसंत, भैरवी आणि मानापमान नाटकातील पद या त्यांपैकी काही गाजलेल्या. १९०५ मधल्या तबकड्या मुख्यतः संग्राहक आणि अभ्यासक ऐकतात. नंतरच्या तबकड्या मात्र सामान्य रसिकही आवडीने ऐकतात.

इथे वादाचा पहिला निकाल लागतो. गायक तोच, घराणे तेच. पण ज्या तबकडीत त्याचा मृदू स्वर पोहोचला तीच लोकांच्या मनात राहिली. म्हणजे क्वालिटीला अर्थ आहे. कामगिरी पोहोचण्याइतकी तरी क्वालिटी लागतेच.

मग खरखरीतही सूर कसा टिकतो?

त्याचे उत्तर आपल्या कानात आहे. जुन्या लँडलाइन फोनवर फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज जात असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तो फोनवरून जातच नव्हता. तरीही वडिलांचा आवाज फोनवर कधी बाईसारखा पातळ वाटला नाही. कारण वरचे उपस्वर ऐकून मेंदू गायब झालेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो.

जुनी तबकडी ऐकताना हेच घडते. गाळलेला खर्ज कान बऱ्याच अंशी जोडून घेतो. खरखर ही सतत चालणारी आणि गाण्याशी संबंध नसलेली गोष्ट असल्याने अर्ध्या मिनिटात मेंदू तिला मागे ढकलतो. पावसात पत्र्याखाली बसून गप्पा मारता येतात, तसेच.

आणखी एक महत्त्वाचा मुद्दा वेगाचा. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या ७८ च्या वेगाने नोंदलेल्या नसत. ७८ च्या वेगाने नोंदलेली तबकडी ७४ च्या वेगाने वाजवली तर गाणे जवळपास पेटीवरच्या शेजारच्या पट्टीइतके खाली उतरते. पण सगळे स्वर एकाच प्रमाणात उतरतात. षड्ज आणि गंधार यांच्यातील अंतराचे गुणोत्तर बदलत नाही. ज्या श्रुतींसाठी खाँसाहेब आणि देवल झटत होते, त्यांचे नाते वेग चुकला तरी अबाधित राहते.

थोडक्यात, त्यांच्या गाण्याचा गाभा ज्यात होता, ती स्वरांची नाती, लय आणि मींड या गोष्टी जुन्या तंत्राने बऱ्यापैकी सांभाळल्या. हरवले ते मुख्यतः आवाजाचे भरलेपण.

कोणता दोष गाण्याला खरोखर मारतो?

सगळे दोष सारखे नसतात. खरखर सहन होते, पण सूर डोलला तर होत नाही. तबकडीचे मधले भोक थोडे जरी बाजूला पडले तरी प्रत्येक फेरीला सूर वर-खाली होतो. लांबवलेला षड्ज हेलकावे खाऊ लागला की किराणा घराण्याचे गाणे संपलेच. द्रुत तानेत हा दोष लपतो, स्थिर स्वरात लपत नाही.

दुसरा धोका आजचा आहे. संगणकावर जुनी तबकडी स्वच्छ करताना खरखर फार घासून काढली, तर तिच्याबरोबर त्याच पट्ट्यातील श्वास, व्यंजनांची धार आणि तानपुऱ्याची झळाळीही जाते. आवाज स्वच्छ होतो आणि निर्जीवही. अशी प्रत ऐकून खाँसाहेबांबद्दल मत बनवणे म्हणजे साल काढताना गरही फेकून देणे.

तिसरा दोष सर्वांत मोठा आणि त्याचा हर्ट्झशी काहीच संबंध नाही. तो म्हणजे वेळ. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे बसत. ज्या गवयाची ओळख सावकाश स्वरविस्तार ही होती, त्याला विलंबित ख्याल तीन मिनिटांत गुंडाळावा लागला. मैफलीत तासभर उलगडणारा राग तबकडीवर फक्त चेहरा दाखवून जातो. म्हणून खाँसाहेबांच्या तबकड्यांत ठुमरी, भैरवी आणि नाट्यपदे अधिक खुलतात. ती छोट्या जागेत मावतात. आजचे सर्वोत्तम यंत्र घेऊन कुणी त्या काळात गेला असता, तरी तीन मिनिटांची मर्यादा असती तर हे नुकसान टळले नसते.

गदगच्या मुलाने नेमके काय ऐकले?

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातील गदग येथे एका शाळकरी मुलाने दुकानात वाजणारी तबकडी ऐकली. खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी. असे गाता आले पाहिजे, हा ध्यास त्याने घेतला आणि १९३३ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर अशी भटकंती करून तो अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे कुंदगोळला पोहोचला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. ही आठवण ते स्वतः सांगत असत.

दुकानातला ग्रामोफोन, चावी भरून चालणारा, झिजलेल्या सुईचा, शेजारी रस्त्यावरची वर्दळ. ऐकण्याची स्थिती याहून वाईट काय असणार? तरीही त्या तीन मिनिटांनी एका मुलाचे आयुष्य फिरवले. त्यातूनच पुढे १९५३ मध्ये पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव उभा राहिला.

ज्यांनी तबकडी काढलीच नाही, त्यांचे काय झाले?

तुलनेसाठी दोन नावे पुरेशी आहेत. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) आणि गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९-१९२२). दोघेही महाराष्ट्राच्या संगीतावर खोल ठसा उमटवणारे. दोघांचीही व्यावसायिक तबकडी उपलब्ध नाही. अल्लादिया खाँ आपण केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यातून ओळखतो. भास्करबुवा ओळखायचे ते बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या गाण्यातून. त्यांची कामगिरी कमी नव्हती. पण ती ऐकायची सोय नाही, म्हणून तिच्याबद्दल फक्त वाचावे लागते. वाईट ध्वनिमुद्रण आणि ध्वनिमुद्रणच नसणे, यांतील अंतर वाईट आणि उत्तम ध्वनिमुद्रणातील अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे.

खाँसाहेबांच्या घरातही वारसा वेगळ्या वाटेने टिकला. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही ती भावंडे. पण त्यांच्या गाण्यात किराण्याचा सूर कायम राहिला.

अखेर कशी झाली?

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीला अरविंद आश्रमाकडे जात असताना रेल्वेत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोइल या छोट्या स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी तानपुरा जुळवून घेतला आणि दरबारी रागात ईश्वराची आळवणी करता करता प्राण सोडला, असे सांगितले जाते. तो दिवस होता २७ ऑक्टोबर १९३७. त्यांचे पार्थिव मिरजेला आणण्यात आले आणि दर्ग्याच्या परिसरातच त्यांना दफन करण्यात आले.

शेवटचे गाणेही शिर्डीतल्या गाण्यासारखेच. ऐकणारे मोजके आणि नोंद कुठेच नाही.

मग महत्त्वाचे काय?

खाँसाहेबांच्या आयुष्यावरून उत्तर असे निघते. गाणे आणि क्वालिटी या दोन पारड्यांत बसवायच्या समान गोष्टी नाहीत. क्वालिटी ही वाट आहे. गाण्याचा गाभा पोहोचवण्याइतकी ती चांगली हवी. १९०५ मध्ये ती अपुरी होती, पुढे विजेच्या मायक्रोफोनने ती पुरेशी झाली. त्या टप्प्यानंतर वाट कितीही गुळगुळीत केली तरी मिळणारा आनंद थोडाथोडाच वाढतो, कारण तिथून पुढे सगळे गाणाऱ्याच्या हातात असते. कंठात सूर नसेल तर लॉसलेस फाइल बेसूरपणाच अधिक स्पष्ट ऐकवते.

मोबाइलवर ऐकताना काय लक्षात ठेवावे?

- फोनचा छोटा स्पीकर खालचे स्वर जवळपास गाळूनच टाकतो. त्यावर जुनी तबकडी ऐकणे म्हणजे कर्ण्याच्या काळात परत जाणे. साधा इअरफोनही यापेक्षा चांगला.
- एकाच गाण्याच्या दोन-तीन प्रती सापडतात. सर्वांत स्वच्छ प्रत निवडण्याऐवजी ज्यात लांब स्वर स्थिर राहतो आणि श्वास ऐकू येतो ती निवडा.
- पहिले अर्धे मिनिट खरखरीला द्या. कान सरावला की मग गाणे ऐकू येते.
- तीन मिनिटांची तबकडी सलग दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त कंठ ऐका, दुसऱ्यांदा मागचा तानपुरा शोधा. खाँसाहेबांनी ज्याच्यासाठी आयुष्यभर कान लावला, तो तिथे कुठेतरी आहे.